२४ तासांत पांढरं झालेलं रक्त

ही नळी बघा. आत्ताच सेंट्रिफ्यूजमधून काढलीय, खाली लाल पेशी बसल्यात आणि वरचा प्लाझ्मा फिकट पिवळा, आरपार दिसणारा. आता शेजारची. हाही उंदराचाच प्लाझ्मा, त्याच वयाच्या, तेच खाणं खाल्लेल्या उंदराचा, पण पांढराफट्ट, नळीमागे बोट धरलं तर दिसत नाही. फरक एवढाच की या दुसऱ्याला काल याच वेळी एक इंजेक्शन दिलं होतं, डिटर्जंटचं.

कपडे धुवायची पावडर नव्हे. ज्या रेणूचं एक टोक पाणी धरतं आणि दुसरं तेल, अशा बऱ्याच पदार्थांना केमिस्ट्रीत डिटर्जंट म्हणतात. बाटलीतला हा मधासारखा घट्ट पदार्थ टायलोक्सापॉल, लॅबमध्ये अजून जुन्याच नावानं चालतो, ट्रायटॉन डब्ल्यूआर-१३३९. असे डिटर्जंट सशांच्या शिरेत सोडले की रक्तातली चरबी चढते आणि चढलेलीच राहते, हे १९५१ साली छापून आलं, आणि तेव्हापासून ही पद्धत चालूच आहे.

व्हिडिओतला पुढचा भाग आम्ही मुद्दाम कापलेला नाही. उंदीर रात्रभर उपाशी ठेवलाय, फक्त पाणी. शेपटी कोमट पाण्यात धरतात म्हणजे शीर फुगते आणि सुई नीट जाते. डोस बऱ्याचदा किलोमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅमच्या या उंदराला ४० ते ८० मिलिग्रॅम, तेही हळूहळू सोडायचं, आणि तेवढा वेळ त्याला या अरुंद नळकांड्यात पकडून ठेवायचं.

आता आत काय होतं. लिव्हर सतत चरबीचे बारीक कण रक्तात सोडत असतं, व्हीएलडीएल म्हणतात त्यांना. स्नायूंच्या आणि चरबीच्या केशवाहिन्यांच्या भिंतींवर लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं, ते या कणांतली चरबी फोडून पेशींना देतं. डिटर्जंट जाऊन या कणांच्याच अंगाला चिकटतो, मग एन्झाइमची त्यांच्यावर मात्राच चालत नाही. लिव्हर मात्र थांबत नाही, कण सोडतच राहतं, कोलेस्टेरॉल जास्त बनवायलाही लागतं. येणं चालू आणि जाणं बंद, म्हणून उपाशी प्राण्याचं रक्तसुद्धा पांढरं होतं. लिव्हर तासाला किती चरबी सोडतं हे मोजायला मात्र ही युक्ती खरंच उपयोगी आहे, इंजेक्शननंतर ठरावीक वेळानं रक्त घ्यायचं आणि ट्रायग्लिसराइड किती चढलं ते बघायचं.

बर्फात ठेवलेली ही दुसरी बाटली पोलोक्सामर ४०७ ची. थंड असताना पाण्यासारखं, आणि हे बघा, हातात धरून गरम केलं की जेल. हे छोट्या उंदरांना पोटात टोचतात, परिणाम काही दिवस टिकतो, आणि काही महिने देत राहिलं तर तेलकट खाणं न देताही धमन्यांत चरबीचे थर दिसतात.

माणसाचं कोलेस्टेरॉल असं एका रात्रीत, एका सुईनं चढत नाही, त्यात वर्षं जातात, खाणं असतं, अनुवंशिकता असते. तरी याच मॉडेलवर, म्हणजे अशी मुद्दाम चरबी चढवलेल्या उंदरांवर, एखादा अर्क दिवसभर तपासतात आणि 'कोलेस्टेरॉल कमी करतो' असं लिहून मोकळे होतात, ते आम्हाला पटत नाही, कारण त्या एका ओळीसाठी पिंजऱ्यांची ही अख्खी रांग वापरली जाते.

आणि ही शेवटची नळी, ४८ तासांनंतरची. पांढरेपणा बराच उतरलाय, मागे धरलेलं बोट पुसट का होईना पण दिसतंय. हा उंदीर कंट्रोल ग्रुपमधला होता, म्हणजे डिटर्जंट टोचलेला, पण त्यानंतर त्याला कुठलंच औषध दिलेलं नव्हतं.