हाका मारण्याआधी : मराठी साइटला वाचक कसे मिळतात

मंडळी, मराठीत साइट सुरू झाली की पाठोपाठ प्रश्न येतो, "आता शेअर कुठे कुठे करू?" माझ्या मते हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. वाचक न येण्याची बरीचशी कारणं आपल्याच पानात दडलेली असतात. आधी ती काढायची आणि मग हाका मारायच्या. नाहीतर शंभर जणांना पाठवलेल्या लिंकवर दहा जण येतात न येतात, आणि आलेले पुन्हा फिरकत नाहीत.

आजचं सगळं बोलणं एकाच उदाहरणावर ठेवतो. समजा, सांगोल्याकडच्या एका डाळिंब बागायतदाराने साइट काढली आहे आणि तिच्यावर तेल्या रोगाचं एक पान आहे. एक पान म्हणतोय, ते मुद्दाम. लोकांना साइट सापडत नसते, पान सापडत असतं. पानावर रात्री दहा वाजता येणारा शेतकरी "कृषी माहितीचं व्यासपीठ" शोधत आलेला नसतो. त्याच्या हातात डाग पडलेलं फळ असतं. म्हणून प्रसार करायचा तो एकेका पानाचा.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. गूगलच्या चौकटीत रोमन लिपीत "साइट", त्याला लागून कोलन आणि मधे जागा न सोडता आपला पत्ता टाका. काहीच आलं नाही, तर गूगलला तुमची साइट बहुधा माहीतच नाही. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बांधायच्या त्या तयार प्रणालीवर असेल, तर सेटिंग्जमधलं "रीडिंग" उघडा. तिथे शोधयंत्रांनी साइट नोंदवू नये असं सांगणारी एक चौकट असते. साइट बांधताना कुणीतरी तिच्यावर टिचकी मारतो आणि उद्घाटनानंतर ती काढायची राहून जाते. रोषणाई झाली, पेढे वाटले, शटर मात्र खालीच.

मग गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन. हे फुकट आहे आणि याच्याशिवाय प्रसाराचं काम म्हणजे अंदाजपंचे कारभार. मालकी सिद्ध करण्याचे बरेच मार्ग आहेत, त्यातले दोन सांगतो. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावाच्या नोंदवहीत, एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकायची, किंवा साइटच्या पानात गूगलने दिलेला टॅग, म्हणजे कोडची एक ओळ, ठेवायचा. पहिला मार्ग बरा, कारण त्यात सगळे उपपत्ते येतात आणि थीम बदलली तरी नोंद उडत नाही. त्यानंतर साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा पत्ता द्या. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात, तेव्हा आपल्याला एकच पुरतो. नवं पान लिहिलं की "यूआरएल इन्स्पेक्शन"मध्ये त्याचा पत्ता टाकून नोंदणीची विनंती करता येते. विनंती एकदाच करा. रोज बटण दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही.

आता खास मराठीची दुखणी. यांच्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतून आलेल्या सल्ल्यांत ही सापडत नाहीत.

जुना मजकूर डीटीपीवाल्याकडून आला असेल, तर तो श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असण्याची शक्यता मोठी. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत भलतीच चिन्हं असतात. शोधयंत्राला त्यातून "डाळिंब" सापडणार नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतरित करून घ्या आणि नंतर एकदा सावकाश वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं या तीन ठिकाणी रूपांतरक हमखास घसरतात. काही जण हा व्याप टाळायला मजकुराचं चित्र करून चढवतात. त्याने दुखणं आणखी वाढतं, कारण ते चित्र धडपणे शोधलं जात नाही, अंधांसाठीचं वाचन-सॉफ्टवेअर ते वाचत नाही आणि मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

"शेतकऱ्यांसाठी" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. शोधताना कधी जुळतात, कधी नाही. दोन लेखकांनी दोन कळफलक वापरले, की एकाच नावाचे दोन टॅग तयार होतात, निम्मे लेख एकाखाली आणि निम्मे दुसऱ्याखाली जातात. साइटवर एकच पद्धत ठरवा आणि शोधा-बदला करून जुना मजकूर तिच्यावर आणा.

तिसरं दुखणं पत्त्याचं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना आणि वेलांटीसुद्धा, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं. लिंकमध्ये जाताना प्रत्येक बाइटची टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं. "मराठी" या शब्दात पाच चिन्हं आहेत, त्याची ४५ अक्षरं झाली. वर्डप्रेस शीर्षकावरून आपोआप पत्ता बनवताना २०० अक्षरांवर कात्री लावतं. "डाळिंबावरील तेल्या रोगाची लक्षणे आणि उपाय" या शीर्षकाचा पत्ता "डाळिंबावरील-तेल्या-रोगाच" इथेच तुटतो. वेलांटीसुद्धा मिळत नाही. वर ती लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की टक्क्यांची लांबच लांब माळ दिसते. काही लोक ती व्हायरस समजून हात लावत नाहीत, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. तेव्हा पत्ता रोमन लिपीत आणि आखूड ठेवा. "डाळिंब-तेल्या" एवढं रोमनमध्ये पुरे. त्यात साल घालू नका, म्हणजे दरवर्षी तेच पान सुधारता येतं. पान जुनं असेल आणि पत्ता बदलायचाच असेल, तर जुन्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचं पुनर्निर्देशन, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्यावर पाठवणारी सोय, लावल्याशिवाय बदलू नका. नाहीतर आजवर वाटलेल्या सगळ्या लिंका मेल्या म्हणून समजा.

आता शीर्षक. कृषी पुस्तकात या रोगाला "जिवाणूजन्य करपा" म्हणतात. बांधावर त्याला तेल्या म्हणतात आणि शोधताना लोक तेल्याच टाइप करतात, बरेचदा रोमन लिपीत. म्हणून शीर्षकात तेल्या हवा आणि शास्त्रीय नाव पहिल्या परिच्छेदात. शीर्षकाखाली दिसणारं वर्णन म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन. तिथे "सविस्तर माहिती जाणून घ्या" असं लिहून जागा फुकट घालवू नका. "पानांवर तेलकट डाग, फळावर एल किंवा वाय आकाराच्या भेगा: तेल्या कसा ओळखावा, बागेची स्वच्छता कशी ठेवावी" असं लिहा. आपल्याच बागेबद्दल लिहिलंय, हे वाचणाऱ्याला त्यातून कळतं. गूगल हे वर्णन दर वेळी वापरेलच असं नाही, पण वापरलं तर उपयोगी पडतं. मेटा कीवर्डच्या, म्हणजे शोधशब्द भरायच्या, रकान्यात मात्र वेळ घालवू नका. क्रम लावताना आपण तो पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे.

कोणता शब्द चालतो हे दोन ठिकाणी कळतं. कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समध्ये भारत आणि मग महाराष्ट्र निवडून दोन शब्दांची तुलना करा. आणि पान महिनाभर जुनं झालं की सर्च कन्सोलचा कामगिरी अहवाल उघडा. त्यात लोकांनी काय टाइप केलं, पान कितीदा दिसलं, कितीदा उघडलं आणि सरासरी कितव्या स्थानावर होतं हे मिळतं. मागचे १६ महिने पाहता येतात. पान खूपदा दिसतं पण उघडत नाही, तेव्हा आधी शीर्षकावर संशय घ्या. पान आठव्या ते विसाव्या स्थानात घुटमळतंय, तर सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घाला. पन्नासाव्या स्थानावरच्या पानाला इतक्यात हात लावू नका. आणि लोकांनी विचारलेला एखादा प्रश्न पानात नसेल, तर त्याचं उत्तर त्याच पानात लिहा. प्रत्येक प्रश्नाला नवं पान काढलं की आपलीच पानं आपल्याच पानांशी भांडायला लागतात.

वेळेचंही गणित असतं. मृग बहाराची बाग पावसाळ्यात सापडते आणि दमट हवेत तेल्या फोफावतो. पान जुलैत लिहून उपयोग नाही. एप्रिलअखेर ते सुधारून तयार हवं, म्हणजे मे महिन्यात नोंद होऊन जूनमध्ये वर यायला त्याला अवधी मिळतो. उकडीच्या मोदकांच्या पानालाही हाच हिशेब लागू आहे, गणपतीच्या आदल्या दिवशी टाकलेली कृती पुढच्या वर्षीच कामाला येते.

आता व्हॉट्सॲप, कारण मराठीत खरी गर्दी तिथे आहे. लिंक चिकटवल्यावर जी चौकट दिसते ती पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून येते: शीर्षक, वर्णन, चित्र. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवा आणि वजन ३०० केबीच्या आत. मोठ्या चित्रांची चौकट कधी कधी उमटतच नाही. काही वेळा चित्राचा फक्त मधला चौकोन दिसतो, म्हणून भेगाळलेलं फळ मधोमध हवं, साइटचं बोधचिन्ह नव्हे. चित्र बदलूनही जुनंच दिसत असेल, तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून ते ताजं करून घ्या. व्हॉट्सॲपची साठवण मात्र त्याने पुसली जाईलच असं नाही.

संदेश एका वेळी पाच जणांना किंवा गटांना पुढे पाठवता येतो. तो पुष्कळदा फिरलेला असेल, तर एका वेळी एकालाच. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. पुष्कळांना हे माहीत नसतं, आणि मग "पाठवला तर होता" अशी तक्रार येते. चॅनेलमध्ये ही अट नाही आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून अनोळखी वाचकांसाठी तेच बरं. दुसऱ्याच्या गटात लिंक टाकताना नुसती लिंक टाकू नका. दोन वाक्यांत उपयोगाची गोष्ट तिथेच सांगा आणि बाकीच्यासाठी लिंक द्या. लोक मजकूर उचलून नावाशिवाय फिरवतील, ते थांबणार नाही. लक्षणांचा एक तक्ता चित्ररूपात करून त्याच्या आत पत्ता छापा. तक्ता फिरेल आणि पत्ताही त्याच्यासोबत फिरेल.

या वाचकांची मोजदाद करताना फसगत होते. व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचक मोजणाऱ्या साधनात, बहुतेक वेळा "डायरेक्ट" म्हणून नोंदला जातो. म्हणून चॅनेल, गट आणि फेसबुक यांच्यासाठी यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी पत्त्याची शेपटी, जोडलेल्या वेगवेगळ्या लिंका करा. आपल्याच साइटच्या आतल्या लिंकांना मात्र यूटीएम लावू नका, माणूस मुळात कुठून आला याची नोंद बिघडते.

दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंका विकत घेऊ नका. "हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक" म्हणणारा जे देतो ते गूगलच्या नियमांत बसत नाही. त्यापेक्षा एखाद्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला चार ओळींचं पत्र लिहा: हा तक्ता, इथे आहे, सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशींवरून केला आहे, अमुक तारखेला तपासला आहे. अर्थात हे सगळं खरं असायला हवं. फवारणीचं प्रमाण लिहिताना शिफारस कुणाची आणि कधीची हे पानावर नसेल, तर जाणकार माणूस ते पान पुढे पाठवत नाही.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: जाहिरातीवर पैसे घालावेत का? घाला, पण जे पान लोक शेवटपर्यंत वाचतात त्याच्यावरच. फेसबुकवर "बूस्ट"चं निळं बटण दाबलं की बरेचदा लाइक जमतात, वाचक येत नाहीत. जाहिरात व्यवस्थापकात जाऊन उद्दिष्ट "ट्रॅफिक" आणि त्यात पान उघडलं जाणं निवडा. जिल्हे मोजके ठेवा: सोलापूर, नाशिक, अहिल्यानगर. दिवसाला २०० रुपये, सात दिवस. त्याआधी पान स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून उघडून पाहा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसला पाहिजे. मोबाइलमधून थेट चढवलेला ४ एमबीचा फोटो असेल तर तो दिसणार नाही. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा वेबपी (चित्रांचा हलका फाइल-प्रकार) करून दीडशे केबीच्या आत आणा आणि मगच पैसे भरा.