शिकारी झाडाला खत का झेपत नाही?

माशा गिळणारं झाड मारायचं असेल तर उपटायला नको, तोडायला नको. मुळाशी खत घाला, झालं काम!

थट्टा नाही करत. कीटकभक्षी वनस्पती किडे खातात ते हौसेनं नाही. त्या वाढतात ती जमीन ओली, आंबट आणि नायट्रोजनच्या बाबतीत कंगाल. म्हणून पानांचेच सापळे झाले आणि नायट्रोजन किड्यांच्या अंगातून यायला लागला. पण सापळा महागात पडतो बरं का. सापळा झालेलं पान साध्या पानाइतकं अन्न बनवत नाही. हा सौदा परवडतो तो उघड्यावर, भरपूर उन्हात, आणि दाटीवाटी करणारे शेजारी नसतील तरच.

आता शेतातलं खत ओढ्यातून वाहत येतं, गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन पावसाबरोबर पडतो. उत्तर अमेरिकेतल्या जांभळ्या सारासेनियावर, म्हणजे घटासारख्या पानांत किडे पकडणाऱ्या एका वनस्पतीवर, याचे प्रयोग झालेत. नायट्रोजन वाढला की ती किडे पकडणारे घट कमी करते आणि सपाट पानं काढायला लागते. म्हणजे शिकारच सोडते! तेवढ्यावर भागलं असतं, पण त्याच खतावर गवत माजतं आणि ही बुटकी मंडळी सावलीत गुदमरतात.

सावलीवरून आठवलं. व्हीनस फ्लायट्रॅप, म्हणजे जबड्यासारखं पान मिटून किडा पकडणारं झाड, मूळचा फक्त अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाचा. तिथल्या पाइनच्या रानात अधूनमधून वणवा लागायचा, झुडपं जळायची आणि फ्लायट्रॅप जमिनीखालून पुन्हा फुटायचा. माणसानं वणवे विझवायला सुरुवात केली, अगदी चांगल्या मनानं, आणि झुडपांनी त्याचं ऊन खाल्लं. आता काही ठिकाणी मुद्दाम, बेतानं आग लावतात.

दलदली आटवून शेतं आणि घरं उभी राहतात, तो धोका वेगळा सांगायला नको.

राहिले चोर. नॉर्थ कॅरोलिनाच्या काही काउंटींमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) रानातला फ्लायट्रॅप चोरणं 2014 पासून गंभीर गुन्हा आहे. पण सगळ्या जाती इतक्या प्रसिद्ध कुठे? ब्राझीलमधल्या ड्रोसेरा मॅग्निफिकाची, म्हणजे चिकट पानांनी किडे धरणाऱ्या एका जातीची, ओळख पटली ती फेसबुकवरच्या फोटोवरून, नवी जात म्हणून नोंद झाली 2015 साली, आणि ती सापडली एकाच डोंगरमाथ्यावर. अशा जातीसाठी एक हावरा संग्राहक पुरेसा आहे. म्हणून तर नवी घटपर्णी सापडली की काही शास्त्रज्ञ तिचं वर्णन छापतात, नेमका पत्ता मात्र गाळतात.