'टू' म्हणजे आपला 'ला'

नववीतल्या एका मुलानं वहीत लिहिलं होतं, 'माय फादर हॅज अ‍ॅसिडिटी, सो ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी.' मी लाल पेनानं 'टू ड्रिंक' खोडलं, वर 'ड्रिंकिंग' लिहिलं. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. "सर, काय चुकलं?" म्हटलं, स्टॉपनंतर इंग लागतं. तो म्हणाला, "पण गाइडमध्ये 'ही स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर' दिलंय, आणि ते बरोबर म्हणून दिलंय." मला पुढे बोलता येईना. १५ वर्षं शिकवत होतो. यादी पाठ होती, कारण माहीत नव्हतं.

घरी जाताना तेच वाक्य मराठीत म्हणून पाहिलं. 'वडील चहा प्यायला थांबले.' 'वडिलांनी चहा पिणं थांबवलं.' पहिल्यात टपरी दिसते, दुसऱ्यात डॉक्टर. हा फरक त्या पोराला शाळेत यायच्या आधीपासून येत होता. मी त्याला तो कधी विचारलाच नव्हता.

आता हे 'प्यायला' जरा उसवून बघा. जुन्या धाटणीत ते 'प्यावयास' होतं. म्हणजे शेवटचा 'स' किंवा 'ला' हा आपण 'स, ला, ते' म्हणून घोकलेला चतुर्थीचाच प्रत्यय. गावाला निघतो, तसे प्यायला थांबतो. इंग्रजी 'टू'ची कुळकथाही हीच आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'टू' म्हणजे 'कडे', 'दिशेनं'. आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं जे रूप यायचं ते चक्क चतुर्थीत चालवलेलं असायचं. 'गो टू स्कूल'मधला टू आणि 'डिसाइड टू गो'मधला टू मुळात एकच. म्हणून होप, प्लॅन, प्रॉमिस, डिसाइड यांच्यामागून तो येतो. काम अजून व्हायचंय, तोंड त्याच्याकडे आहे.

इंगचं प्रकरण वेगळं. त्यात दोन निरनिराळी रूपं एकमेकांत मिसळली आहेत: एक नाम बनवणारं, एक विशेषण बनवणारं. पूर्वी त्यांचे प्रत्ययही वेगळे होते, पुढे उच्चार घासले गेले आणि दोन्हींचं इंग झालं. म्हणून 'स्लीपिंग बेबी' म्हणजे झोपलेलं बाळ, पण 'स्लीपिंग बॅग' म्हणजे झोपलेली पिशवी नव्हे! आज आपल्याला त्यातलं नामवालं इंग हवंय. ते आपलं 'णं'. पिणं, जाणं, पोहणं.

'रिमेंबर' घ्या. बसमध्ये बसलात आणि पोटात गोळा आला: दाराला कुलूप लावलं का? 'लावल्याचं आठवतंय' असेल तर 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'. निघताना घरातून कुणी बजावलं असेल, 'कुलूप लावायचं लक्षात ठेव', तर ते 'रिमेंबर टू लॉक'. 'लावल्याचं' आणि 'लावायचं', एवढाच खेळ आहे. किंवा 'ट्राय'. खिडकी गंजलीय, तुम्ही जोर लावताय: उघडायचा प्रयत्न, 'ट्राय टू ओपन'. खिडकी नीट उघडते, पण खोलीत उकडतंय: 'उघडून बघ ना', 'ट्राय ओपनिंग'. आपलं 'करून बघणं' इतकं नेमकं तिथे बसतं, की मला अजून त्याची गंमत वाटते.

आता ऑफिसातल्या ईमेलमधली ती नेहमीची चूक. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.' टू दिसला की हात आपोआप 'मीट' लिहून मोकळा होतो. पण हा टू अजून निव्वळ 'कडे'च आहे. त्याच्यापुढे नाम चालतं, 'लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज' असं आपण म्हणतोच. मराठीत शब्दयोगी अव्यय लागलं की 'णं'चं 'ण्या' होतं: जाण्यापूर्वी, जाण्याऐवजी, जाण्याबद्दल. तसंच 'भेटण्याकडे' डोळे लागलेत. जिथे 'ण्या', तिथे इंग. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.'

हे सगळीकडे चालतं असं मात्र समजू नका. 'अव्हॉइड' आणि 'पोस्टपोन' यांत काम झालेलं नसतं, तरी इंग लागतं. तिथे निदान कान साथ देतो: आपण 'जाणं टाळलं' म्हणतो, 'जायला टाळलं' नाही. पण 'एन्जॉय' आणि 'सजेस्ट' कानालाच फसवतात. 'पोहायला मजा येते' म्हणून पोरं 'एन्जॉय टू स्विम' लिहितात, 'जायला सुचवलं' म्हणून 'सजेस्टेड टू गो'. दोन्ही चूक, दोन्हींकडे इंगच हवं. इथे माझ्याकडे युक्ती नाही. पाठ करा. मीही केलंय.

'स्टार्ट' आणि 'बिगिन'चं काय, असं मागच्या रांगेतून कुणी तरी विचारतंय. दोन्ही चालतं. 'इट स्टार्टेड टू रेन' म्हणा नाही तर 'इट स्टार्टेड रेनिंग' म्हणा. आपण पाऊस 'पडू लागला' म्हणतो आणि 'पडायला लागला'ही म्हणतो. भिजायचं ते भिजतोच.