एकोणतीसचा पाढा

(पडदा काळा. डांबरावर बुटांची चरचर. लांबवर एक कुत्रं भुंकतं.)

पहाटेचे साडेचार. वडोदऱ्याचा दांडिया बाजार. एरवी इथे स्कूटर लावायला वीतभर जागा मिळत नाही. आत्ता सगळा रस्ता या बावीस जणांचा आहे. कोणी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतंय. एक वकीलसाहेब व्हॅसलीनची डबी सगळ्यांपुढे धरतायत, हळदीकुंकवाला अत्तर लावावं तशी. काखेत, मांड्यांना, जिथे जिथे कापड घासेल तिथे. पुरुषांनी छातीला दोन पट्ट्याही चिकटवायच्या. हसू येतं ना? चार तास घामाने भिजलेली बनियन अंगावर घासली, की पांढऱ्या टी-शर्टवर रक्ताचे दोन ठिपके उमटतात. मग कोणी हसत नाही.

मॅरेथॉनला तीन आठवडे आहेत. आज शेवटचा मोठा पल्ला, ३२ किलोमीटर. इथून महीकाठच्या सिंधरोटपर्यंत जायचं आणि परत यायचं.

(दिवे. काळा घोडा. विश्वामित्रीचा पूल.)

मॅरेथॉन असते ४२.१९५ किलोमीटरची. हा विचित्र आकडा १९०८च्या लंडन ऑलिम्पिकने दिला. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपली. ते अंतर पुढे १९२१ मध्ये कायमचं ठरलं. मग सरावात पूर्ण बेचाळीस का नाही धावायचे? कारण तेवढं पळाल्यावर शरीर भरून यायला काही आठवडे जातात, आणि शर्यत ऐन थकव्यात येऊन ठेपते. म्हणून बत्तीसवर थांबायचं. उरलेले दहा किलोमीटर त्या दिवशी पहिल्यांदाच भेटतात.

गटाचे म्होरके एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झाले, वय त्रेसष्ट. काळ्या घोड्यावरच्या सयाजीरावांच्या पुतळ्यापाशी ते दरवेळी हात जोडतात, पण पाय थांबू देत नाहीत. खाली विश्वामित्री. तिच्यात मगरी आहेत हे साऱ्या गावाला माहीत आहे. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या गल्लीबोळांत शिरल्या होत्या. आज मात्र कठड्यावरून कॅमेरा धरूनही काळोखाशिवाय काही दिसत नाही.

मी ॲक्टिव्हावर मागे तोंड करून बसलोय. गाडी भाचा चालवतोय. वेग इतका कमी, की तो दर दोन मिनिटांनी विचारतो, “मामा, बंद पडली का?”

किलोमीटरला साडेसात मिनिटं. हाच आजचा पेस. पहिल्या तासात तो कोणालाच सोसत नाही. पाय ताजे, हवा गार, रस्ता मोकळा. पंचविशीचा एक पोरगा सारखा दहा पावलं पुढे जातो आणि काका मागून ओरडतात, “हळू ने रे! गाडी चुकतेय का तुझी?” तो इलेक्ट्रिशियन आहे, पहिल्यांदाच बत्तीस करतोय. थांबतो, हसतो, पुन्हा पुढे सरकतो.

(अलकापुरीचं गरनाळं. आवाज घुमतात.)

आणि इथे काका त्यांचं हत्यार बाहेर काढतात. “चला, एकोणतीसचा पाढा!”

रेल्वेखालच्या गरनाळ्यात बावीस जणांचा पाढा घुमतो. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, सोळोत्तरसे... काही मराठीत म्हणतात. गुजराती माध्यमात शिकलेले “ओगणत्रीस दु अठ्ठावन” करतात. काकांचं म्हणणं एवढंच, की पाढा सलग म्हणता आला तर वेग बरोबर. मध्येच धाप लागली, तर तू शर्यत आजच पळतोयस. धावण्याच्या पुस्तकांत याला टॉक टेस्ट म्हणतात. काकांना तो शब्द ठाऊक आहे, वापरायचा नाही. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या शाळेत काकांची आजी शिकली. पाढे तिच्याकडून आले, तेही पावकी-निमकीसकट.

वेग कमी ठेवण्यामागे हिशोब आहे. सत्तर किलोच्या माणसाला एका किलोमीटरला साधारण सत्तर कॅलरी लागतात. बत्तीसला झाल्या सव्वादोन हजारांच्या आसपास. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर मिळून जेमतेम दोन हजार कॅलरी देते. बाकीचं चरबीतून यायला हवं, आणि चरबी निवांतपणे जळते. सुरुवातीला धावत सुटलात, तर साखरच आधी संपते.

मला हे कळायला एक रिक्षा लागली. दोन वर्षांपूर्वी मीही या गटात होतो. पहिले दहा किलोमीटर सगळ्यांच्या पुढे. परतताना चोविसाव्याला, गोत्रीत, दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले, की एका दुकानाच्या पायरीवर आडवा झालो. घरी गेलो रिक्षाने. रिक्षावाल्याने विचारलं, “अपघात?” मी हो म्हणालो.

(सेवासी मागे पडतं. दिवे विरळ. शेतांवर धुकं.)

सिंधरोट. घड्याळात पावणेसात. अजून उजाडलेलं नाही, मही दिसण्याआधी तिचा गारवा लागतो. गटातल्या दोन वहिनी गाडीतून पुढे येऊन टेबल मांडून बसल्यात. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखरेचं पाणी. महागड्या जेलची पाकिटंही आहेत, पण पहिल्यांदा संपतो तो बटाटा. गटातल्या डॉक्टरीणबाई एकाच्या हातून पाण्याची बाटली काढून घेतात. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. तेही पाणी कमी पडण्याइतकंच धोक्याचं, आणि लोकांना पटत नाही ते हेच.

सात मिनिटं विश्रांती. बसायचं नाही. बसलं की उठवत नाही.

(परतीचा रस्ता. समोरून सूर्य.)

जाताना पश्चिम होती, येताना पूर्व. सव्वासात वाजून गेल्यावर सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि टोप्या खाली ओढल्या जातात. विसाव्या किलोमीटरपर्यंत गप्पा चालू होत्या. सुनेचं बाळंतपण, सोसायटीची पाण्याची मोटर, यंदाचा उंधियो. आता एकेक आवाज कमी होतोय. शिवनाथ सिंगांची गोष्ट कोणीतरी काढतं. १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन. तो भारतीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. कोणीतरी हिशोब करतं, की एवढ्यात त्यांची शर्यत संपली असती आणि आंघोळही. हसणं मात्र दोघा-तिघांनाच जमतं.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला तो पोरगा मागे पडतो.

(जवळून: बूट. डावा पाय किंचित फरफटतो.)

खांदे वर चढलेत, मुठी आवळलेल्या. तो रस्त्याच्या कडेने धावतोय, आणि कडेचा उतार एकाच पायाला त्रास देतोय हे त्याच्या लक्षात येत नाही. डॉक्टरीणबाई त्याला बाहीला धरून मध्ये ओढतात. बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंनी येतात. समजावणं, टाळ्या, “शाबास” वगैरे काही नाही. पेस साडेसातवरून आठवर जातो आणि कोणाच्याही कपाळावर आठी उमटत नाही. गट माणसाला पुढे ढकलतो असं मला वाटायचं. आज चार तास मी पाहतोय, तो बहुतेक वेळ माणसाला मागे खेचत होता.

काका त्याच्या शेजारी येतात. “म्हण.”

“एकोणतीस... अठ्ठावन्न...” गुजराती शाळेतला पोरगा काकांच्या मराठीत म्हणतोय. एका पावलाला एक अक्षर. सक येतं, साते येतं, आठे बत्तीस दोनशे. नवेला अडतो. तोंड उघडं, आकडा येत नाही.

“काका, नाही आठवत.”

“मग पहिल्यापासून.”

तो पहिल्यापासून सुरू करतो. गरनाळं येतं, पाढा पुन्हा घुमतो. या वेळी तिघांचाच आवाज आहे.

(दांडिया बाजार. नऊ वाजत आलेत. दुकानांची शटर्स वर जातायत.)

घड्याळं ३१.८ दाखवतायत. तेवढ्यासाठी सगळे चौकाला आणखी एक फेरी मारतात. केळीवाला हातगाडी थांबवून बघतोय.

फाफड्याची कढई तापलीय. कागदावर फाफडा, पपईचा संभारा, तळलेल्या मिरच्या, बाजूला जिलेबी. पोरगा फुटपाथच्या कडेवर बसलाय. त्याला लेस सोडायची आहे पण वाकता येत नाही. त्रेसष्ट वर्षांचे काका समोर उकिडवे बसतात. त्यांचे गुडघे कडकन वाजतात. ते घामाने फुगलेली गाठ नखाने सोडवत राहतात.

“एकोणतीस नवे?” वर न बघता विचारतात.

पोराच्या तोंडात फाफडा आहे. तो गिळतो.

“बसो एकसठ.”

काका दुसऱ्या बुटाकडे वळतात.

(चित्र थांबतं.)