लय बिघडलेलं हृदय आणि एमआरआयचा फोटो

श्रोतेहो, नमस्कार. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघा. ठोके सारख्या अंतराने लागतायत ना? काहींच्या हाताला दोन ठोके घाईने लागतात, तिसरा रेंगाळतो, चौथा गळतोच. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसतं एएफ म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात. तिथे रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली, की पक्षाघात.

१९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल हैसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या थरथरीची विजेची ठिणगी बहुतेकदा फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमध्ये पडते. मग मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती चटके द्यायचे, म्हणजे वीज पुढे जात नाही. हे अ‍ॅब्लेशन. पण एकाला गुण येतो, दुसऱ्याचं दुखणं काही महिन्यांत परत येतं. असं का?

इथे एमआरआय कामाला आला. फोटो उठावदार करणाऱ्या गॅडोलिनियम नावाच्या द्रव्याचं इंजेक्शन देऊन थोडं थांबायचं. निरोगी स्नायूतून ते लवकर निघून जातं, पण जिथे व्रणासारखी राठ ऊती झाली आहे तिथे रेंगाळतं आणि फोटोत ती जागा चमकते. २०१४ साली नासिर मारूश यांच्या गटाने यावरचा अभ्यास छापला. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या भिंतीचा १० टक्क्यांहून कमी भाग राठ असलेल्या शंभरातल्या साधारण १५ जणांना अ‍ॅब्लेशननंतर ११ महिन्यांत पुन्हा त्रास झाला. ३० टक्क्यांच्या वर राठ असलेल्यांत तो आकडा ५१ निघाला.

मग कुणालाही सुचेल तेच सुचलं: फोटोत दिसतात ते डागही जाळून टाकू! एएफ टिकून राहिलेल्या ८४३ रुग्णांचे दोन गट करून हे तपासून पाहिलं. निकाल २०२२ साली आला. डाग जाळलेल्यांत ४३ टक्के, फक्त शिरांवर उपचार केलेल्यांत ४६ टक्के जणांचा त्रास परतला. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. शिवाय जास्त जाळलेल्या गटात सहा जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्यात एकालाही नाही.

मला हा फसलेला प्रयोगच जास्त मोलाचा वाटतो. कुणाला किती गुण येईल याचा अंदाज तो फोटो देतो. चटका कुठे द्यायचा, हे त्यावरून अजून ठरवता येत नाही. तेव्हा अ‍ॅब्लेशनआधी कुणी हा एमआरआय सुचवला, तर डॉक्टरांना बिनधास्त विचारा, "हा फोटो बघून माझ्या उपचारात तुम्ही नेमकं काय बदलणार?"