फळी, शीड आणि पाचशे मीटर

श्रोतेहो, नमस्कार.

केवळ वाऱ्याच्या बळावर पाण्यावरून सर्वांत वेगाने कोण जाते, असे १९८६ ते १९९३ या काळात कोणी विचारले असते, तर उत्तरात एकाही मोठ्या नौकेचे नाव आले नसते. तो मान हातभर रुंदीच्या फळीवर उभे राहून दोन्ही हातांनी शीड पेलणाऱ्या एकट्या माणसाकडे होता. वेगाच्या विंडसर्फिंगची ती सुरुवातीची वर्षे आणि त्या वेळची ओबडधोबड साधने यांविषयी आज मला बोलायचे आहे. त्या साधनांवर माझा जीव आहे, हे आधीच कबूल करतो.

कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यातली मुख्य करामत एका सांध्यात होती. डोलकाठी होडीप्रमाणे घट्ट रोवलेली नव्हती. ती या सांध्यावर कुठल्याही दिशेला कलत असे, त्यामुळे सुकाणूची गरजच उरली नाही. शीड पुढे कलवले की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळे, मागे कलवले की वाऱ्याकडे येई. ही मूळ फळी सुमारे साडेतीन मीटरांहून लांब आणि पंचवीस किलोंहून जड होती. शीड धरण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारा कमानदार दांडा, म्हणजे बूम, सागवानी लाकडाचा असे. तिच्यावर पाय अडकवायला पट्टे नव्हते, आणि शिडाची ओढ अंगावर घेणारा हार्नेसही सुरुवातीला नव्हता. सगळा भार हातांवर यायचा.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा त्यांत याच घराण्यातील विंडग्लायडर हा प्रकार होता. त्यानंतर काही वर्षांनी मांडव्याच्या किनाऱ्यावर मला शिकायला मिळाली ती कोणीतरी परदेशातून आणलेली, तीन-चार हात फिरून आलेली जुनी फळी. तिचा बूम डोलकाठीला दोरीने आवळून बांधावा लागे. ते काम वाळूत बसून, तोंडात दोरीचे एक टोक धरून, चांगली पंधरा-वीस मिनिटे चाले. आणि गाठ जराशी जरी सैल राहिली, तरी किनाऱ्यापासून दूर, नेमक्या जोराच्या झोतात बूम घसरून खाली येई आणि पाठोपाठ आपण पाण्यात. आज हेच काम एक खटका दाबून होते. सोय झाली हे खरेच, पण गाठ मारणाऱ्याला आपल्या साधनाची जी नस कळते, ती खटका दाबणाऱ्याला कळत नाही, असे माझे मत आहे.

त्या फळीची दुसरी खोड म्हणजे मधोमध पाण्यात उतरणारी सुरी, म्हणजे डॅगरबोर्ड. वारा वाढला आणि वेग आला की हीच सुरी फळीला एका कडेवर उचलून धरी आणि स्वाराला पालथे घाली. त्यावर तेव्हाच्या मंडळींनी काढलेला तोडगा असा, की जोराच्या वाऱ्यात सुरी उपसून काढायची आणि तिचा पट्टा खांद्यात अडकवून पुढे जायचे. काखेत लाकडी सुरी, हातात शीड आणि पायाखाली उसळणारी फळी, अशा थाटात माणसे वेगाच्या मागे लागली होती.

वेग मोजण्याची जागा होती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेमथजवळच्या पोर्टलंड बंदरात. तेथे १९७२ पासून वेगसप्ताह भरू लागला. चेसिल नावाचा गोट्यांचा लांबलचक बांध या बंदराला लाटांपासून आडोसा देतो, वाऱ्याला मात्र अडवत नाही. म्हणून जोराचा वारा आणि सपाट पाणी ही दुर्मीळ जोडी तेथे एकत्र मिळते. अंतर पाचशे मीटरचे, आणि धरायचा तो सरासरी वेग. पहिल्याच वर्षी टिम कोलमन यांच्या 'क्रॉसबो' या लांबलचक नौकेने २६.३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४९ किलोमीटर वेग गाठला, आणि १९८० मध्ये तिच्या दुसऱ्या अवताराने तो ३६ नॉटवर नेला. या नौकांच्या पुढे फळीवाले म्हणजे हत्तीच्या शर्यतीत शिरलेले शेळीचे करडू. डेर्क थाइस या डच स्वाराने १९७७ मध्ये नोंदवलेला फळीचा विक्रम १९.१ नॉटचा होता.

मग फळी आखूड आणि निमुळती होत गेली, इतकी की थांबल्यावर ती स्वाराच्या वजनाने बुडायची. सुरी गेली, पायाला पट्टे आले, शिडात आडव्या पट्ट्या घालून त्याला पंखाचा आकार देण्यात आला. फळीखाली मागच्या टोकाला असलेल्या फिनजवळ, म्हणजे पाण्यात बुडालेल्या छोट्या पात्याजवळ, हवा खेचली गेली की फळीची शेपटी एकदम निसटायची. त्यावर उपाय म्हणून लोक फिनला खाचा पाडत, आडव्या पट्ट्या चिकटवत, आणि संध्याकाळी कानस घेऊन बसत. शीड दाबून धरायला अंगाचे वजन कमी पडते म्हणून काही जण जड जाकिटे घालून पाण्यात उतरत. पडल्यावर त्या जाकिटासह वर येणे कसे वाटत असेल, याची कल्पना आपण करावी.

१९८३ मध्ये हवाईचा फ्रेड हेवुड याच वेमथला आला तो गोल डोलकाठीऐवजी विमानाच्या पंखासारख्या छेदाची डोलकाठी घेऊन, आणि त्याने ३०.८२ नॉटचा वेग नोंदवला. पाचशे मीटर साडेएकतीस सेकंदांत. ती डोलकाठी पुढे बाजारात रुजली नाही, पण वारा जिथे शिडाला पहिल्यांदा भिडतो ती कड गुळगुळीत हवी, हा तिचा धडा पुढच्या प्रत्येक शिडाने गिरवला. तीन वर्षांनी फुएर्तेव्हेंतुरा बेटावरच्या सोतावेंतो येथे फ्रान्सच्या पास्कल माकाने ३८.८६ नॉट गाठले आणि 'क्रॉसबो'चा विक्रम मोडला. करडाने हत्तीला मागे टाकले ते असे.

सोतावेंतोला वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो. आपले कोकणातले मच्छीमार ज्याला मतलई म्हणतात, त्याच दिशेचा, पण कितीतरी दांडगा. असा वारा किनाऱ्यालगत लाट उठू देत नाही, म्हणून स्वार वाळूला जवळजवळ खेटून जात. फ्रान्समधील सँत-मारी-द-ला-मेर येथे तर याच हेतूने किनाऱ्यालगत एक अरुंद कालवा खणण्यात आला, आणि मिस्त्राल वाऱ्यात तेथे १९८८ च्या नोव्हेंबरात एरिक बीलने ४०.४८ नॉटची नोंद करून चाळीसची वेस ओलांडली. तिएरी बिएलाकने १९९३ मध्ये हा वेग ४५.३४ नॉटपर्यंत नेला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या 'यलो पेजेस एंडेव्हर'ने ४६.५२ नॉट गाठून विक्रम नौकांकडे परत नेला. फळीने तो पुन्हा मिळवायला २००४ साल उजाडले.

आता प्रत्येकाच्या मनगटावर उपग्रहावरून वेग सांगणारे घड्याळ असते, आणि धाव संपायच्या आत आकडा दिसतो. त्या वेळी धाव संपवून, ओले शीड खांद्यावर टाकून, वेळ टिपणाऱ्यांच्या तंबूपर्यंत चालत जावे लागे. माझ्या कुठल्याही धावेची वेळ कोणी टिपली नाही. पण तो सागवानी बूम माझ्याकडे अजून आहे. माळ्यावरून काढून हाताळला, की पुढच्या टोकाला दोरीने पडलेल्या खाचेत अंगठा आपोआप बसतो.

नमस्कार.