वरचं घर

(पडद्यावर: पहाटेचा अंधूक उजेड. खिडकीच्या काचेवर गोठलेलं दव. टेबलावर एक जाड वही, तिच्यात खोचलेली पेन्सिल.)

ही वही आमच्या डोंगरावरच्या घराची. कुणी त्याला केबिन म्हणतं, कुणी लाकडी झोपडी. आम्ही दोघं नुसतं ‘वरचं घर’ म्हणतो. दोन खोल्या, एक लोखंडी शेगडी, उतरतं पत्र्याचं छप्पर आणि मागे सरपणाची छपरी. उंची दोन हजार मीटर. समोरच्या दरीच्या तळापासून मोजलं तर सहाशे.

वहीत दोन अक्षरं आहेत. तिरकं, घाईतलं ते माझं. सरळ, कोरल्यासारखं ते ह्याचं. नोंदी एकेका ओळीच्या. ‘आज पहिली पागोळी.’ ‘झरा मोकळा झाला.’ ‘धुराडं साफ केलं.’ बावीस वर्षं झाली, आम्हाला कसं वाटलं ते एकदाही कुणी लिहिलेलं नाही. तरी कुठलंही पान उघडलं की तो दिवस जसाच्या तसा समोर उभा राहतो.

(पडद्यावर: दरीचा तळ हिरवा, वरचा उतार अजून पांढरा.)

वसंत इथे चालत येतो, आणि तोही चढाने. खाली झाडं फुललेली असतात तेव्हा आमच्या मागच्या अंगणात, सावलीच्या जागी, गुडघाभर बर्फ असतो. मग रोज सकाळी खिडकीशी उभं राहून बघायचं, हिरवा रंग कालच्यापेक्षा किती वर सरकला.

अँड्र्यू हॉपकिन्स ह्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली ह्या चढणीचा हिशेब मांडला होता. दर चारशे फुटांना, म्हणजे सुमारे १२० मीटरना, वसंत चार दिवस मागे पडतो. आमच्या सहाशे मीटरचे झाले वीस दिवस. आमच्या वहीत कधी सतरा निघतात, कधी चोवीस, पण गाडी विसाच्या आसपासच थांबते. खाली जाऊन फुलं बघून यायची आणि वीस दिवसांनी तीच फुलं दाराशी यायची वाट बघायची. एका वर्षात दोन वसंत! मला हे अजूनही फुकट मिळाल्यासारखं वाटतं.

पण वसंतात इथे नुसतं बघत बसता येत नाही. हे लाकडं फोडायचे दिवस.

(पडद्यावर: ओंडक्यावर उभा ठेवलेला ठोकळा. कुऱ्हाड पडते, ठोकळा दुभंगतो. आतलं लाकूड ओलसर, फिकट.)

तोडल्या तोडल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. ते वीस टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय लाकूड नीट जळत नाही. आमचा पहिला हिवाळा आम्ही हे न कळताच काढला. शरदात तोडलेली लाकडं थंडीत शेगडीत घातली. ती सूं सूं करत राहिली, टोकांतून फेस आला, खोलीभर धूर झाला आणि ऊब म्हणाल तर हाताचे पंजे शेकण्याइतकी. आगीची सगळी ताकद लाकडातलं पाणी उकळण्यातच जात होती. वसंतात धुराडं उघडलं तर आत डांबरासारखा काळा, चकचकीत थर. तो थर एकदा पेटला की घर पेटायला वेळ लागत नाही. आम्ही दोघंही त्या काळ्या फडक्याकडे बघत किती तरी वेळ नुसते उभे होतो.

तेव्हापासून वसंतात फोडायचं, दोन उन्हाळे वाऱ्यावर वाळू द्यायचं आणि मगच जाळायचं. हा फोडतो, मी रचते. साल वरच्या बाजूला, दोन फळ्यांमध्ये वारा खेळेल इतकी फट. वाळलं की नाही ते बघायची पद्धत सोपी आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. ओलं असेल तर ‘थप्प’ वाजतं. वाळलेलं असेल तर ‘टण्ण’, जवळपास घंटेसारखं.

आपटायचं काम ह्याचं. ऐकायचं काम आता माझं.

(पडद्यावर: उन्हाळ्याची संध्याकाळ. दाराच्या पायरीवर दोघं पाठमोरी बसलेली.)

ही गोष्ट आधी वहीने सांगितली, आमच्या लक्षात फार नंतर आली. सात-आठ वर्षांपूर्वी एका रिकाम्या दुपारी मी जुनी पानं चाळत होते, आणि दिसलं की पक्ष्यांच्या नोंदी हळूहळू सगळ्या माझ्याच अक्षरात आल्या आहेत. सुरुवातीला त्याच्या अक्षरात भरपूर होत्या. मग कमी झाल्या. मग फक्त दिसलेले पक्षी उरले, ऐकलेले गेले.

आपल्या कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिच्यात केसासारख्या बारीक पेशी. उंच, पातळ आवाज पकडणाऱ्या पेशी तिच्या तोंडाशीच असतात, आणि वय वाढतं तशा त्याच आधी झिजतात. लहान पक्ष्यांची शीळ जाते, रातकिडे जातात. खालचे, जड आवाज मागे राहतात. ह्याला वाटत होतं, अलीकडे रातकिडे कमी झालेत. रातकिडे होते तेवढेच होते.

मी सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. संध्याकाळी पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “अगं, आत्ता ओरडतायत का?”

“अरे, कधीपासून.”

त्याने तळहात माझ्यापुढे धरला. मी बोटाने ठोके द्यायला लागले. एक किर्र, एक ठोका.

रातकिड्यांच्या आवाजावरून तापमान सांगता येतं. एमॉस डॉल्बेअर ह्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ साली त्याचं गणित प्रसिद्ध केलं. रातकिड्याचं रक्त थंड, त्याच्या अंगाची उष्णता हवेवर ठरते. हवा तापली की पंख भराभर घासले जातात, गारठली की संथ. आठ सेकंदांतले आवाज मोजायचे, त्यात पाच मिळवायचे, की अंदाजे सेल्सियसमधलं तापमान हातात. प्रत्येक जातीचा हिशेब थोडा वेगळा असतो, आणि अनेक किडे एकदम ओरडत असले की एकालाच धरून मोजावं लागतं. आमच्या पायरीखाली एक हमखास असतो.

त्या रात्री ठोके मी दिले. घड्याळ त्याच्या दुसऱ्या हातात होतं, मोजत तोच होता. आठ सेकंदांत अकरा. अकरा आणि पाच, सोळा. तो उठला, भिंतीवरच्या तापमापकाला विजेरी लावली आणि तिथूनच ओरडला, “साडेपंधरा!” इतका आनंद झालेला मी त्याला फार दिवसांनी पाहिला.

आता उन्हाळ्यात रोज रात्री आम्ही हे करतो. वहीत त्या नोंदी एकाआड एक आहेत, आकडा माझ्या अक्षरात आणि तापमापकाचं वाचन त्याच्या.

उन्हाळ्यात वादळं दुपारनंतरची. सकाळी आभाळ धुतल्यासारखं असतं. ऊन उतारांना तापवतं, तापलेली हवा वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी शिखरामागून ढगांचे मनोरे उभे राहतात. वीज चमकली की सेकंद मोजायचे. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. गडगडाट मात्र ह्याला माझ्याआधी कळतो. मी अजून झाडांचा वारा ऐकत असते, तोवर तो दोरीवरचे कपडे काढून आत आलेला असतो.

(पडद्यावर: उतारावर पिवळा, तांबडा रंग. सकाळचं धुकं दरीत भरलेलं.)

शरद उलट्या वाटेने येतो, वरून खाली. त्याची पहिली वर्दी आम्हाला मिळते. पानांतलं हरितद्रव्य मोडायला लागतं आणि उन्हाळाभर त्याच्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. पिवळा तिथे आधीपासूनच असतो. तांबडा तसा नाही, तो बहुतेक झाडं शरदातच नव्याने तयार करतात, आणि दिवस लख्ख अन् रात्री गार असल्या तर भरपूर. त्यामुळे पिवळा दर वर्षी सारखा, तांबड्याचा मात्र नेम नाही.

ह्या दिवसांत सकाळी दार उघडावं तर खाली दरी नसतेच. रात्री गार, जड हवा उतारावरून ओघळून तळाशी साचते आणि तिथेच धुकं धरतं. खाली सगळं करडं, कुडकुडतं. वर आमच्याकडे ऊन. डोंगरात चढावं तसं गार होत जातं, सरासरी हजार मीटरला साडेसहा अंश, पण अशा सकाळी हा नियम उलटा होऊन बसतो. अशा वेळी आम्ही दोघंही कामं टाकून पायरीवर बसतो. धुक्याचा काठ हळूहळू वर सरकतो, एखाद्या झाडाचा शेंडा बुडतो, पुन्हा निघतो.

मग कामं. नळातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकायचं, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि लोखंडी नळही फोडतं. धुराडं घासायचं. दोन उन्हाळे वाळलेली लाकडं छपरीत आणायची. एवढं झालं की डोंगर पांढरा व्हायला मोकळा.

(पडद्यावर: बर्फ पडतोय. आवाज काहीही नाही.)

पहिला मोठा बर्फ पडतो त्या रात्री मला जाग येते, ती आवाज थांबल्यामुळे. ताज्या, भुसभुशीत बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसती हवाच असते. त्या लाखो पोकळ्यांमध्ये आवाज शिरतो आणि तिथेच जिरतो. वारा पडलेला, झरा झाकलेला. अशा रात्री ह्याला जेवढं ऐकू येतं तेवढंच मलाही.

दुपारी बर्फ भुरभुरत असला की हा काळा लोकरी हातमोजा घालून दारात उभा राहतो. हातमोजा आधी अर्धा तास बाहेर गारठवायचा, नाही तर स्फटिक टेकताक्षणी विरघळतो. मी भिंग धरते. श्वास बाजूला सोडायचा. सहा हात, प्रत्येक हाताला काटे, काट्यांना पुन्हा काटे, आणि मधोमध टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान षटकोन. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ साली बर्फाच्या एका स्फटिकाचा फोटो काढला, आणि मग आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त. आमच्याकडे एकही फोटो नाही. बघून होईपर्यंत स्फटिक गेलेला असतो, आणि आमचं त्यावाचून काही अडलेलं नाही. डोळ्यांना ह्याच्या अजून काही झालेलं नाही. माझं भिंग हललं की तोच म्हणतो, “जरा डावीकडे, अगं, तो बघ, तो तुटका.” त्याला तुटकेच आवडतात.

संध्याकाळी शेगडी. पाणी इथे त्र्याण्णव अंशांनाच उकळतं, म्हणून आधण लवकर येतं आणि शिजायला मात्र वेळ लागतो. घाई कुणालाच नसते. जळत असतात ती दोन वसंतांआधीची लाकडं. कधी कधी एखादी फळी हातात घेऊन तो म्हणतो, “ही त्या गाठीच्या ओंडक्याची. आठवतं? पाचर अडकली होती.” मला आठवत नाही. त्याला आठवतं. मग ती आत जाते.

बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपास टिकून असते, वर कितीही गारठा असो. तिथे उंदीर बोगदे करून हिवाळा काढतात. वसंतात बर्फ उतरला की गवतावर त्यांच्या वाटांचा नकाशा उरतो. पण त्याआधी छप्पर मोकळं व्हावं लागतं. दिवसा ऊन पत्र्याला तापवतं, थराच्या तळाशी पाणी सुटतं आणि एके दिवशी अख्खा थर एकदम खाली येतो. वहीतला हिवाळा तिथे संपतो.

(पडद्यावर: वहीचं पान, जवळून.)

ह्या वर्षीची ही नोंद मला सकाळी सापडली. उठले तर शेगडी पेटलेली, हा बाहेर फावडं घेऊन छपरीची वाट मोकळी करत होता. वही उघडीच होती. सरळ, कोरल्यासारखं अक्षर.

‘पहाटे पावणेपाच. मागच्या छपरीवरचा बर्फ उतरला. आवाज मोठा. ही झोपेत.’